पोरं, सासूबाई आणि भरतीचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरात सहलीची तारीख पीक ठरवतं. दिवाळीच्या सुटीत कापसाची वेचणी, त्यामागून तूर, मग हरभरा आणि गहू. मोकळे दिवस मिळतात ते मे महिन्यात, तेही थोडेच, कारण मृगाच्या आत बियाणं-खतं भरायची असतात. आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात. पुण्याचे नातेवाईक म्हणाले, "मे महिन्यात कोकणात काय जाता, घामानं हैराण व्हाल." ज्यांच्या अंगणात पारा ४५ च्या आसपास असतो, त्यांना हे सांगून काय उपयोग?

गाडीत पाच जण होतो. आमचे हे, मी, चौथीतली लेक, पहिलीतला धाकटा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. ह्यांच्याशिवाय कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. माझं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं गाव. त्यामुळे खाऱ्या पाण्याचं मला विशेष कौतुक नव्हतं, पण पोरांनी वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं.

भाच्यानं फोनवर थांब्यांची लांबलचक यादी पाठवली होती. तिच्यातले निम्म्याहून जास्त मी बसल्या जागी खोडले. माझ्या अटी साध्या. सावली हवी, जवळ संडास हवा, सासूबाईंना टेकायला जागा हवी आणि पायऱ्या शंभरावर नकोत. यादीतल्या फोटोंत यातलं काहीच दिसत नाही. एखाद्या कड्यावरून सूर्यास्त कितीही देखणा असो, तिथं पोहोचेपर्यंत धाकट्याला शू लागली की सूर्यास्त कोणी पाहत नाही.

निघताना समृद्धी महामार्ग धरला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आता नागपूरपासून पार मुंबईच्या अलीकडे आमणेपर्यंत झालाय, आणि आम्हाला तो कारंज्यालाच गाठता येतो. मे महिन्यात सिमेंटचा रस्ता तापतो म्हणून टायरची हवा गार गाडीतच, पहाटे तपासून घेतली. महामार्गावर खाण्याचे थांबे मोजकेच आहेत, म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या, ठेचा, चिवडा आणि पाण्याची कॅन सोबत. सिंदखेडराजाला उतरून लखुजी जाधवांचा राजवाडा पाहिला. जिजाऊंचा जन्म इथला, १५९८ चा. सकाळी लवकर गेलं तर पोरांना हुंदडायला जागा आहे आणि दगडी भिंतींची सावलीही मिळते. सासूबाईंनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. पुढे छत्रपती संभाजीनगरपाशी महामार्ग सोडून अहिल्यानगरच्या रस्त्यानं रांजणगावला मुक्काम, महागणपतीचं दर्शन, आणि दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे दिवेआगर. घाटात धाकटा ओकला. आवळासुपारी आणि प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा, एवढंच त्याबद्दल सांगण्यासारखं आहे.

दिवेआगरला आम्ही हॉटेल न घेता वाडीतलं घरगुती राहणं घेतलं. हा निर्णय सगळ्यात फळला. नारळ-सुपारीच्या वाडीत दुपारी बारालाही सावली असते, अंगणात बाज टाकून सासूबाई पडायच्या आणि पोरं पाटाच्या पाण्यात खेळायची. भर दुपारी किनाऱ्यावर जायचंच नाही हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. वाळू तापलेली, डोळ्यांवर तिरीप, आणि दमट हवेत घाम काही सुकत नाही. आमच्याकडे कपडे दोरीवर टाकून भाकरी थापायला बसलं की भाकरी होईस्तोवर वाळतात. तिथं रात्रभर टांगलेला टॉवेल सकाळी ओलाच. मुलांचे कपडे जितके वाटतात त्याच्या दुप्पट न्या.

त्या घरचे काका वयस्क. पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "उद्या कुठे?" मी म्हटलं, सकाळी हरिहरेश्वर. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, "सकाळी नको. उद्या द्वादशी, नऊला भरती आहे. प्रदक्षिणेचा मार्ग पाण्यात असेल."

हिशेब त्यांनी तिथंच समजावला. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी चढलेलं. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. रोज भरती पाऊण-पाऊण तास पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि फोनवर भरतीचं वेळापत्रक मिळतंच, पण मासेमार आणि वाडीवाले तोंडी असाच हिशेब करतात. दुसरी गोष्ट जोराची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी.

सासूबाईंना हे फारच पटलं. त्यांचं अख्खं आयुष्य तिथ्यांवर गेलेलं, चतुर्थ्या-एकादश्या मुखोद्गत. त्यांनी तिथल्या तिथं बोटांवर मोजून पुढच्या सगळ्या दिवसांच्या भरत्या सांगितल्या आणि भाच्याची यादी तेव्हापासून निकामी झाली. कोणता थांबा कुठल्या दिवशी, कुठल्या वेळेला, हे त्या ठरवू लागल्या. मला तर वाटतं कोकणच्या किनाऱ्यावर लेकरंबाळं घेऊन जाणाऱ्यानं हा एक हिशेब शिकावा, बाकी यादी नसली तरी चालेल.

म्हणून द्वादशीचा दिवस दिवेआगरलाच काढला. दुपारी तीनला ओहोटी, आम्ही साडेचारला उतरलो. किनारा काही किलोमीटर लांब, सपाट, मागं सुरूची झाडं. ओल्या वाळूवर छोट्या छोट्या गोळ्यांची नक्षी पसरलेली, एका भोकाभोवती किरणांसारख्या रांगा. लेक कोणीतरी रांगोळी काढली म्हणून ओरडली. मग तिघं मिळून पोटावर पडून पाहत बसलो. करंगळीच्या नखाएवढा खेकडा भोकातून बाहेर येतो, वाळू तोंडापाशी नेतो, तिच्यातलं खाण्यासारखं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतो. सावली पडली की आत. स्थिर राहिलं तर पुन्हा बाहेर. एरवी जागेवर न टिकणारा धाकटा तिथं अर्धा तास हलला नाही. पाणी चढतीचं होतं, त्यामुळे आम्ही चपला आणि सासूबाईंची खुर्ची अधूनमधून मागं सरकवत होतो. पलीकडे एका हौशी मंडळीनं गाडी वाळूवर आणलेली. चाकं रुतली, पाणी जवळ येऊ लागलं, शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढली. ह्यांनी जन्म काळ्या चिखलात काढलेला, त्यांनी एकदाच मान हलवली.

त्रयोदशीला हरिहरेश्वर. श्रीवर्धनवरून जाता येतं. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ या श्रीवर्धनचे, तेवढं लेकीला सांगून पुढे निघालो. हरिहरेश्वराला आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि परत काळभैरव असा दर्शनाचा क्रम आहे. देवळामागून प्रदक्षिणेची वाट दोन खडकांमधल्या उभ्या पायऱ्यांनी थेट समुद्राच्या काठाला उतरते. ओहोटीच्या पाऊण तास आधी, तीनला आम्ही पायऱ्यांपाशी होतो. सासूबाई वरूनच म्हणाल्या, "माह्याच्यानं हे होत नाही. तुम्ही जा, मी देवापाशी बसतो." (आमच्याकडे बायाही 'बसतो'च म्हणतात.) खाली लाटांनी कोरून काढलेले खडक, जाळीदार, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. खाचांत साठलेल्या पाण्यात बोटभर मासे आणि शिंपले. पोरांसाठी एक मोठं माणूस एका पोरामागं, हात सोडायचा नाही, आणि शेवाळावर पाय द्यायचा नाही. इथं भरतीच्या वेळी माणसं वाहून गेलेली आहेत, पाट्या लावलेल्या आहेत, त्या वाचाव्यात. पाणी वळायच्या आत आम्ही वर आलो.

त्यानंतर बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत. इकडचे लोक तिला जंगलजेटी म्हणतात. गाडी आत घातली की उतरायचं आणि वरच्या डेकवर जाऊन उभं राहायचं. सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलं की रायगड संपून रत्नागिरी जिल्हा लागतो. सावित्री निघते महाबळेश्वरला आणि इथं समुद्राला मिळते. मुलांना सगळ्यात जास्त आवडलं काय म्हणाल, तर किनारे नाहीत, या बोटी. या प्रवासात आम्ही अशा तीन खाड्या ओलांडल्या, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. पोरांचे पाय मोकळे होतात, चालवणाऱ्याची पाठ मोकळी होते, आणि वळसा वाचतो. दाभोळला बोट नसती तर चिपळूणला फिरून जावं लागलं असतं. पूल होणार म्हणतात. होवोत, पण मग हा थांबा जाईल. रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून सुट्यांच्या दिवशी अर्धा तास हाताशी ठेवा.

वेळास जवळच, नाना फडणवीसांचं गाव. तिथली ऑलिव्ह रिडले कासवं आता प्रसिद्ध आहेत. २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं हे काम सुरू केलं; गावकरी अंडी जपतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. पण तो मोसम फेब्रुवारी ते एप्रिलचा, आम्हाला उशीर झाला होता. तसेच आंजर्ल्याला गेलो. कड्यावरच्या गणपतीपर्यंत आता गाडी जाते, त्यामुळे सासूबाईंचं काम झालं. तिथून खाली हर्णैच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो. बोटीनं किल्ल्यात जायचा हट्ट लेकीनं धरला, मी नाही म्हटलं. उन्हाची वेळ, किल्ल्यात सावली थोडी. लांबून दिसला तेवढा पुरे.

हर्णैबद्दल मात्र भरभरून सांगायचं आहे.

दुपार उतरली की हर्णैच्या किनाऱ्यावर माशांचा लिलाव भरतो. होड्या किनाऱ्याला लागत नाहीत, उथळ पाण्यात थांबतात. मग मासे काठावर आणायचे कसे? बैलगाडीनं. आम्ही पोहोचलो तर बैलजोडी छातीभर पाण्यात उभी, गाडीचं अर्धं चाक बुडालेलं, आणि होडीतून टोपल्या गाडीत उतरवल्या जात होत्या. ह्यांनी कारंज्याच्या बाजारात आयुष्यभर बैलगाड्या पाहिल्या, पण हे पाहून ते तिथंच खिळले. बैल लहान चणीचे, लाटेला अंग तिरकं देऊन उभे राहणारे. गाडीवाल्याशी त्यांचं लगेच जमलं. खाऱ्या पाण्यानं नाल टिकते का, अंगाला खाज येते का, रोज गोड्या पाण्यानं धुता का, वय काय, किंमत काय. सासूबाई पदर नाकाला लावून मागून विचारत होत्या, "अवो भाऊ, हे बैल खारं पानी पेत असतीन काय?" गाडीवाला हसून म्हणाला, "नाय ओ आजी, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

काठावर वाळूवरच माशांचे ढीग. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी. बोली लावणारा ढिगाभोवती फिरतो, बाया टोपल्या घेऊन उभ्या, आकडा चढतो, आणि एका क्षणात सौदा ठरतो. आमच्या बाजार समितीतल्या हर्रासाचं सगळं इथं होतं, फक्त कापूस तीन दिवस थांबू शकतो आणि मासा तीन तासही नाही. ह्यांनी बराच वेळ उभं राहून भाव ऐकले. "यायचंबी आपल्यासारखंच हाय," एवढंच बोलले. आम्ही माळकरी घर, खायचं काही नव्हतं, वासानं सासूबाईंचा जीव घाबरा झाला, तरी त्या गाडीत जाऊन बसल्या नाहीत. जूनपासून मासेमारीला बंदी असते, तेव्हा हा बाजार भरत नाही. मुलांना घेऊन जाताना बंद बूट घाला, जमीन ओली आणि काट्याकुट्यांची असते. आणि मध्ये उभं राहून फोटो काढू नका. त्यांचं ते काम आहे.

कर्द्याला मुक्काम केला. तिथलाही किनारा सपाट. दुसऱ्या दिवशी दापोलीत कोकण कृषी विद्यापीठाच्या दारावरून जाताना ह्यांनी गाडी थांबवली. आमच्या अकोल्याच्या विद्यापीठाच्या शिवारफेऱ्यांना ते दर वर्षी जातात, म्हणून इथं रोपवाटिका पाहायचीच होती. 'रत्ना' आंब्याचं कलम घेतलं, नीलम आणि हापूसच्या संकरातून झालेलं. जांभ्याच्या लाल सड्यावरची, म्हणजे पठारावरची माती त्यांनी मुठीत धरून पाहिली. मी गाडीत बसून घड्याळ पाहत होते.

अमावास्येला गुहागरला पोहोचलो आणि प्रतिपदेला हेदवीला. इथं हिशेब उलटा. हरिहरेश्वराला ओहोटी हवी, हेदवीला भरती. किनाऱ्यावरच्या उमामहेश्वराच्या देवळामागं खडकात एक अरुंद घळ आहे, बामणघळ. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं, कोंडतं आणि मोठा आवाज करून वर उसळतं. भांगाच्या दिवसांत गेलात तर थोडंसं पाणी खळखळताना दिसेल आणि याला काय पाहायचं असं वाटेल. आमची प्रतिपदा, उधाणाचे दिवस. पाऊण वाजता भरती. आम्ही साडेबाराला देवळात. ऊन कडक, खडक तापलेला, पण सासूबाईंना देवळाच्या सावलीत बसवता आलं. लाट आत शिरली की आधी पायाखाली घुमल्यासारखं व्हायचं, मग पांढरा फवारा. लांबूनच पाहायचं, काठावर जायचं नाही. धाकटा पहिल्या आवाजाला माझ्या कडेवर चढला आणि दहाव्या आवाजाला मोजायला लागला. जेवण दशभुज गणपतीच्या गावातच झालं. आमटीत गूळ, भाजीत खोबरं. सगळ्यांनी ठेच्याची बरणी काढली.

जयगडला बोटीतून उतरल्यावर मालगुंड. केशवसुतांचं जन्मघर तिथं जपलंय, आवारात त्यांच्या कविता लावलेल्या. झाडं आहेत, बाकं आहेत, गर्दी नाही. हे केशवसुत काही काळ वर्धा-नागपूरकडे राहिलेले, हे लेकीला सांगितल्यावर तिनं वहीत लिहून घेतलं. गणपतीपुळ्याला मात्र मी थोडी कडक वागले. देऊळ सुंदर, डोंगराभोवतीची प्रदक्षिणा जेमतेम किलोमीटरभर आणि फरसबंद, सासूबाईंनी बसत-उठत पूर्ण केली. पण तिथला किनारा उतरता आहे, पाण्याला ओढ आहे, बुडण्याच्या घटना घडलेल्या आहेत. घोट्याच्या वर पाणी नाही, असा नियम केला. पोरं रुसली. त्यांना गावात 'प्राचीन कोकण' दाखवलं, जुन्या कोकणी गावगाड्याचे देखावे झाडीत मांडलेत, तिथं रुसवा गेला.

रत्नागिरीकडे आरे-वारेचा रस्ता धरा. एका वळणावर दोन्ही किनारे एकदम दिसतात. उतरायची गरज नाही, गाडी कडेला घेऊन वरूनच पाहावं. रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला. सासूबाईंना त्याची फार कीव आली. "मानसानं आपलं गाव सोडून कुठं मरावं," म्हणाल्या. हापूसची पेटी घेतली. घरी गेल्यावर रस केला तेव्हा त्यांचा निकाल असा, की फोड हापूसची, पण रस आपल्या गावरान आंब्याचाच.

परतीला आंबा घाट चढून कोल्हापूर, मग सोलापूर-तुळजापूर-नांदेड असा सरळ रस्ता. तुळजाभवानीचं दर्शन सोडून थांबलो नाही. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे गाडी खालून गोड्या पाण्यानं धुतली, नाहीतर मीठ पत्रा खातं.

शेजारच्या वस्तीतली दोन घरं आता तूर निघाली की मार्चमध्ये जायचं म्हणतात, वेळासची कासवं पाहायला. दिवस कुठला धरायचा ते विचारायला दोन्ही घरच्या बाया परवा आमच्या ओसरीवर आल्या होत्या. सासूबाईंनी पंचांग काढलं आणि आधी विचारलं, की गाडीत एका माणसाची जागा आहे का.